पळीभर तेल आणि हजेरीपट

सकाळची प्रार्थना संपते, तुम्ही वर्गात येऊन बसता आणि गुरुजी किंवा बाई हजेरीपट उघडतात. एकेक नाव उच्चारले जाते, 'हजर' असे उत्तर येते आणि नावापुढे एक खूण उमटते. दोन-तीन मिनिटांचे हे काम. रोज होते म्हणून त्याचे आपल्याला काही वाटत नाही. पण आज त्या हजेरीपटाकडे जरा निराळ्या नजरेने पाहू या.

समजा, तुमची शाळा धुळे जिल्ह्यातील साक्री गावात आहे. कान नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. धुळ्याहून सुरतेकडे जाणारा हमरस्ता येथूनच जातो. वर्गात शेतकऱ्याची मुलगी आहे, दुकानदाराचा मुलगा आहे, मजुराचा आहे, एसटीच्या कंडक्टरचा आहे. कोणाच्या घरी अहिराणी बोलतात, कोणाच्या घरी भिली, कोकणी किंवा मावची. ही सारी नावे एकाच पानावर, एकाखाली एक लिहिलेली आहेत.

आता प्रश्न असा, की हे पान पहिल्यापासून असेच होते काय? दोनशे वर्षांपूर्वी असा हजेरीपट असता, तर त्यावर यांपैकी कितीजणांची नावे असती? आणि नसती, तर का नसती?

याचे उत्तर शोधताना एक युक्ती फार उपयोगी पडते. कोणत्याही काळातील, कोणत्याही देशातील शाळा घ्या आणि दोन प्रश्न विचारा. पहिला : या शाळेचा खर्च कोण करीत होते? दुसरा : या शाळेत कोणाची मुले बसत होती? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, की दुसऱ्याचे अर्धे उत्तर हाती येते. उरलेले अर्धे कोठे असते, तेही आपण पाहणार आहोत.

मातीच्या पाट्यांचे घर

सर्वांत जुन्या शाळांपैकी काहींचे अवशेष आजच्या इराकमध्ये सापडले आहेत. तेथील सुमेर देशात लोक ओल्या मातीच्या वडीवर बोरूसारख्या काडीने टोचून लिहीत. या शाळेला ते 'एडुब्बा' म्हणत. त्याचा अर्थ पाट्यांचे घर.

निप्पूर या प्राचीन शहरात १९५१-५२ साली उत्खनन झाले. त्यात कच्च्या विटांचे एक छोटेसे घर निघाले. त्या घरात मातीच्या पाट्यांचे सुमारे १४०० तुकडे मिळाले. हे घर इ. स. पूर्व १७४० च्या सुमाराचे, म्हणजे आजपासून सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचे आहे. पाट्यांवर काय होते? शब्दांच्या याद्या, म्हणी, गाणी आणि पाढे! काही पाट्यांवर गुरूने एक ओळ लिहून दिलेली असे आणि तीच ओळ शिष्याने गिरवलेली असे. वापरून झालेल्या पाट्या भिजवून पुन्हा ओली माती करण्यासाठी तेथे एक हौदही होता. आपण पाटी पुसतो, ते पाटीच मोडून नवी करीत, एवढाच काय तो फरक.

आता आपले दोन प्रश्न विचारू. खर्च कोण करी? मुख्यतः शिकणाऱ्या मुलाचे वडील. सुमेरी भाषेतील एका जुन्या कथेत तर एका मुलाचे वडील गुरुजींना घरी बोलावतात, जेवू घालतात, नवे वस्त्र आणि अंगठी देतात, आणि मग गुरुजी त्या मुलावर प्रसन्न होतात! मुले कोणाची असत? राजवाडा आणि देवळे यांचा हिशेब ठेवणाऱ्या लेखनिकांची, अधिकाऱ्यांची, सधन घरांची. शेतात राबणाऱ्याचा मुलगा तेथे दिसत नाही. त्याच्या धान्याचे हिशेब मात्र तेथे शिकवले जात.

पाटण्याचा मठ

इतक्या लांब कशाला जायचे? आपल्या खानदेशातच चला. साक्रीहून धुळ्याला या, धुळ्याहून चाळीसगावला जा, आणि तेथून दक्षिणेस सातमाळ्याच्या डोंगराकडे वळा. डोंगराच्या कुशीत पाटणे नावाचे गाव आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला तुमच्यापैकी काहीजण गेलेही असतील. या ठिकाणी दगडावर कोरलेला एक लेख आहे. प्रसिद्ध विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली तो अभ्यासकांच्या नजरेस आणला.

लेख शके ११२८ मधील, म्हणजे इ. स. १२०७ चा आहे. त्या वेळी देवगिरीवर सिंघण यादव राज्य करीत होता आणि त्याचे मांडलिक असलेले निकुंभ घराणे या भागाचा कारभार पाहत होते. लेख सांगतो, की चांगदेव नावाच्या ज्योतिषाने येथे एक मठ स्थापन केला. (हा चांगदेव निराळा. ज्ञानेश्वरांना भेटायला गेलेल्या योग्याशी त्याची गल्लत करू नका.) हा चांगदेव म्हणजे थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. त्यांनी ११५० साली 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग. आजोबांचे हे ग्रंथ पुढच्या पिढ्यांनी शिकावेत, म्हणून नातवाने हा मठ काढला. म्हणजे गणित आणि खगोल शिकवणारी एक शाळा आठशे वर्षांपूर्वी आपल्या खानदेशात होती!

त्याहून गंमत पुढेच आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत. मठाचा खर्च कसा भागवायचा, हे त्या ओळींत सांगितले आहे. असे का केले असेल? कारण उघड आहे. भास्कराचार्यांची थोरवी विद्वानांनी वाचायची होती. पैसे मात्र बाजारातील माणसांनी द्यायचे होते! त्यांना कळेल अशा भाषेतच ते लिहायला हवे. गावच्या बाजारात जो माल विकला जाई, त्यावरील राजाच्या उत्पन्नातील वाटा मठाला दिला. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालत, त्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यायचे ठरले.

पळीभर तेल! ग्रहणाचे गणित शिकवणारी शाळा घाण्यावरच्या पळीभर तेलावर चालत होती.

आता दुसरा प्रश्न विचारा. या मठात कोण शिकत असेल? ग्रंथ संस्कृतात. तेव्हा आधी संस्कृत यायला हवे, आणि संस्कृत शिकण्याची वाट त्या काळी थोड्या घरांतील मुलग्यांनाच मोकळी होती. तेल सर्व घाण्यांचे; पण घाणा चालवणाऱ्याच्या मुलीचे नाव काही त्या मठाच्या यादीत असणे शक्य नव्हते. कागदावर नसलेला हा जमाखर्च लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

पंतोजींची शाळा

आता आणखी सहाशे वर्षे पुढे येऊ. पेशवाई नुकतीच संपली आहे. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला आहे. पुढच्या दहाएक वर्षांत मुंबई सरकारने निरनिराळ्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांकडून तेथील शाळांची माहिती मागवली. त्यावरून पंतोजींच्या शाळांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते.

शाळेला स्वतंत्र इमारत नाही. देवळाचा ओटा, कोणाची पडवी किंवा पंतोजींचेच घर, तीच शाळा. मुलगा प्रथम धूळपाटीवर बोटाने अक्षरे गिरवी. म्हणूनच 'धुळाक्षरे' हा शब्द आपल्या भाषेत आला. मग बोरू, मग मोडी लिपीतले खर्डे. आणि दिवसातून मोठ्याने म्हणायची उजळणी. पाढे तुम्हालाही येतात. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी येते का? औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा पाठ असे!

हे कशाला, असे तुम्ही म्हणाल. सोपे आहे. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर. साडेतीन आणे शेर या भावाने आठ शेर माल घेतला तर किती झाले? ज्याला औटकी येते तो चटकन म्हणेल, आठ औटे अठ्ठावीस. अठ्ठावीस आणे म्हणजे एक रुपया बारा आणे. कागद नको, पेन्सिल नको. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि औटकी हळूहळू विसरली गेली. तुमच्या आजोबा-आजींना किंवा पणजोबांना कदाचित ती अजून येत असेल. विचारून पाहा.

खर्च कोण करी? आईबाप. कोणी महिन्याला काही पैसे देई, कोणी धान्य, सणासुदीला शिधा. म्हणून शाळेत येत ती हिशेबाची आणि लिखापढीची गरज असलेल्या घरांतील मुले. बाजारपेठेतील, कुलकर्ण्यांच्या, सावकारांच्या, काही सधन शेतकऱ्यांच्या घरची. मुली जवळजवळ नाहीतच. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते, त्यांची मुले नाहीत. डोंगरातल्या भिल्लांची मुले नाहीत. ज्याने पंतोजींना द्यायचे त्याच्याच मुलाला त्यांनी शिकवायचे, असा हा सरळ व्यवहार होता.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. तुमच्या वर्गात मॉनिटर आहे ना? तो कोठून आला? १७८९ मध्ये अँड्रयू बेल नावाचा एक पाद्री मद्रासला सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवू लागला. शिक्षक कमी, मुले पुष्कळ. एकदा त्याने एका गावठी शाळेतील मुले वाळूवर बोटाने अक्षरे काढताना पाहिली. त्याला ती युक्ती आवडली. आपल्या शाळेत त्याने वाळू आणली आणि शिकलेल्या मोठ्या मुलांना लहान मुलांवर नेमले. ही पद्धत तो इंग्लंडला घेऊन गेला. तेथे जोसेफ लँकॅस्टर यानेही तशीच पद्धत लंडनमध्ये चालवली. एकच शिक्षक शेकडो मुलांची शाळा चालवू लागला, कारण मधले काम मॉनिटर करीत. पुढे १८२० नंतरच्या दशकात मुंबईत नव्या मराठी शाळा निघाल्या, तेव्हा हीच 'लँकॅस्टर पद्धत' विलायतेहून इकडे आणली गेली. आपली धूळपाटी समुद्रापार जाऊन इंग्रजी नाव घेऊन परत आली म्हणायची!

ही पद्धत तिकडे एवढी का पसरली? कारण ती स्वस्त होती. कारखान्यांच्या शहरांत गरीब मुलांची संख्या फार वाढली होती. त्यांना शिकवायचे, तर खर्च थोडा यावा, ही अडचण होती. पुन्हा आपला पहिलाच प्रश्न.

कर सर्वांचा, शाळा कोणाची?

१८५५ साली मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षण खाते सुरू झाले. १८६० नंतरच्या दशकात सरकारने जमिनीच्या साऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवली. तिला लोकल फंड म्हणत. तिचा तिसरा हिस्सा शाळांसाठी आणि बाकीचा रस्ते वगैरे कामांसाठी होता. म्हणजे साक्री-पिंपळनेरकडचा शेतकरी शेतसारा भरताना शाळेसाठीही पैसे देऊ लागला. पाटण्याच्या घाण्यावरचे पळीभर तेल नव्या रूपात परत आले!

पण आता एक नवा प्रश्न उभा राहिला. पंतोजींच्या शाळेत 'तुम्ही पैसे देत नाही, म्हणून तुमचा मुलगा नाही' असे म्हणता येई. आता तर पैसे सर्वांचेच. मग शाळा सर्वांची का नाही?

हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. त्याला नकार मिळाला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारनेही त्याला शाळेत बसवण्याचे टाळले. पण प्रकरण तेथे थांबले नाही. ते विलायतेपर्यंत गेले, आणि १८५८ साली कंपनीच्या संचालकांनी कळवले, की सरकारी शाळा कोणत्याही जातीच्या मुलाला बंद असू नयेत. एका मुलाच्या अर्जाने केवढे काम केले पाहा.

अर्थात कागदावर दार उघडले, म्हणजे वर्गात जागा मिळाली असे नाही. त्यानंतर चाळीस वर्षांनी साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या पोत्याच्या तुकड्यावर बसावे लागे. संध्याकाळी ते पोते घरी परत न्यायचे, कारण शाळेचा शिपाई त्याला हात लावायला तयार नसे. हजेरीपटावर नाव होते. सतरंजीवर जागा नव्हती.

मुलींचेही तसेच. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. तिचा खर्च सरकारने नव्हे, त्यांनी व त्यांच्या मित्रांनी उभा केला. १८८२ साली सरकारने हंटर आयोग नेमला, तेव्हा जोतीरावांनी आयोगापुढे एक निवेदन ठेवले. त्यात त्यांनी नेमक्या जमाखर्चावरच बोट ठेवले. सरकारचे उत्पन्न येते शेतकऱ्यांच्या घामातून, आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या थोड्या वर्गांवर, हा न्याय कोणता, असा त्यांचा मुद्दा होता. प्राथमिक शिक्षण ठरावीक वयापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली.

आपल्या दोन प्रश्नांपैकी पहिल्याचे उत्तर मिळाले, की दुसऱ्याचे अर्धेच उत्तर मिळते, असे आपण सुरुवातीला म्हटले होते. उरलेले अर्धे येथे आहे. पैसे कोणाचे यावरून हक्क कोणाचा हे ठरते. पण तो हक्क कोणीतरी मागावा लागतो.

कवळाण्याचा मुलगा

मालेगाव तालुक्यात, खानदेशाच्या सीमेजवळ कवळाणे नावाचे खेडे आहे. १८६३ साली तेथे एका शेतकरी गायकवाड घरात गोपाळ नावाचा मुलगा जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. १८७५ साली बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी त्याला दत्तक घेतले आणि तो सयाजीराव महाराज झाला. त्यानंतर त्याचे शिक्षण सुरू झाले.

ज्याने स्वतः अक्षरओळखीशिवाय बारा वर्षे काढली, त्याने राज्य हाती आल्यावर काय केले? १८९३ साली काठेवाडातील अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले. आधी थोड्या गावांत प्रयोग, अडचणी पाहायच्या, मग विस्तार, अशी ही खरी शास्त्रीय रीत होती. प्रयोग जमल्यावर १९०६ मध्ये तो कायदा सगळ्या बडोदा संस्थानाला लागू झाला. मुलग्यांना ७ ते १२ आणि मुलींना ७ ते १० या वयात शाळा सक्तीची झाली. साक्रीवरून सुरतेकडे जाणाऱ्या रस्त्याने नवापूरच्या पुढे गेलात, की सोनगड लागते. तेही बडोदा संस्थानात होते. तेथे महाराजांनी आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा काढली होती.

ब्रिटिश मुलखात मात्र हे घडेना. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ३८ विरुद्ध १३ मतांनी ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. उघड कारण पैशाचे होते. पण मुले शाळेत गेली तर शेतावर आणि घरकामाला कोण, ही काहीजणांची भीतीही त्यामागे होती. १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू करून दाखवले.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत म्हटले होते, की दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा. ही मुदत १९६० साली संपली. प्रत्यक्षात २००२ साली घटनादुरुस्तीने शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुल्यांच्या निवेदनापासून मोजा : १२८ वर्षे!

फुकट शाळेचाही खर्च असतो

मग आता प्रश्न संपला का? नाही. जपानची हकीकत ऐका.

जपानने १८७२ साली सर्वांसाठी शिक्षणाचा हुकूम काढला. एकाही गावात न शिकलेले घर राहू नये, असे त्याचे ध्येय होते. पण शाळेची फी आईबापांवरच ठेवली. १८७३ साली शाळेच्या वयाच्या शंभर मुलांपैकी सुमारे २८ मुलेच शाळेत होती. त्या वर्षी नव्या सक्त्यांविरुद्ध जे दंगे झाले, त्यांत काही ठिकाणी शेतकऱ्यांनी शाळाच जाळल्या! त्यांना विद्या नको होती काय? तसे नाही. शेतात हाताशी येणारा मुलगा गमवायचा आणि वर पैसेही भरायचे, हे त्यांना परवडत नव्हते. १९०० साली सरकारी प्राथमिक शाळांतील फी रद्द झाली आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच शंभरात नव्वदांहून अधिक मुले शाळेत दाखल झालेली होती. फी हे एकच कारण नव्हते, पण मोठे कारण होते.

यातून एक गोष्ट कळते. शाळेचा खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. मूल शाळेत जाते, तेव्हा त्याच्या हातून होणारे काम थांबते. गुरे राखणे, धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, कापूस वेचणे. गरीब घराला हा खर्च फीपेक्षाही जड जातो. म्हणूनच शाळेत दुपारचे जेवण देण्याची कल्पना निघाली. तामिळनाडूत (तेव्हाच्या मद्रास राज्यात) कामराज यांनी १९५६ च्या सुमारास ती मोठ्या प्रमाणावर राबवली आणि १९९५ पासून ती देशभर आली. तुमच्या ताटातली खिचडी ही नुसती खिचडी नाही. हजेरीपटावरची कितीतरी नावे तिने टिकवून धरली आहेत.

आता पुन्हा साक्रीत या. दिवाळीनंतर पश्चिम भागातील वाड्या-पाड्यांवरून काही कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातकडे, बार्डोलीच्या बाजूला जातात. गुजरातेत या टोळ्यांना खानदेशी म्हणूनच ओळखतात. आईबाप गेले, की मुलेही जातात. परत येईपर्यंत उन्हाळा आलेला असतो. हजेरीपटावर त्या मुलाचे नाव असते, पण नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग असते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना, ती जेथे जातील तेथे शाळेत घेतले पाहिजे, असे २०१० पासून लागू असलेला कायदा सांगतो. पण फडावरच्या मुलापर्यंत मराठी शाळा पोहोचवणे सोपे नाही. ते गेले गुजराती मुलखात!

आणखी एक खर्च डोळ्यांना दिसत नाही. तो भाषेचा. घरी 'आंडोर' आणि 'आंडेर' ऐकत वाढलेले मूल पहिलीत येते आणि पुस्तकात 'मुलगा' आणि 'मुलगी' वाचते. अहिराणी मराठीला जवळची. तेव्हा ते मूल थोड्या दिवसांत सावरते. पण घरी भिली किंवा मावची बोलणाऱ्या मुलाला शाळेची भाषा आणि शाळेचा धडा, दोन्ही एकदम शिकावे लागतात. वर्ग दोन पावले चालतो, तेवढ्यात त्याला चार चालायची असतात. मूल आरंभी आपल्या मातृभाषेतून उत्तम शिकते, असे युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ सालीच सांगितले आहे. ज्या शिक्षकाला मुलांच्या घरच्या भाषेतले शंभर शब्द येतात, तो शिक्षक या मुलांचा पुष्कळ खर्च वाचवतो.

करून पाहा

इतिहास म्हणजे केवळ राजे आणि लढाया नव्हेत. तुमच्या शाळेच्या कपाटातही इतिहास आहे. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद जनरल रजिस्टरात असते. काही जुन्या शाळांतून ही रजिस्टरे शंभर वर्षांपूर्वीपासूनची आहेत. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन आणि एखाद्या शिक्षकांना बरोबर घेऊन पुढील प्रयोग करा.

दर दहा वर्षांनी एक वर्ष निवडा. त्या वर्षी एकूण किती मुले दाखल झाली आणि त्यांत मुली किती, एवढेच मोजा. कोणाचे नाव उतरवून घेऊ नका. आपल्याला फक्त आकडे हवेत. मुलींचे शेकडा प्रमाण काढा आणि आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर साल व उभ्या अक्षावर प्रमाण मांडा. रेषा कोठे एकदम वर चढते? त्या सुमारास गावात काय घडले होते? नवी शाळा निघाली, रस्ता झाला, वसतिगृह आले, की दुष्काळ पडला? रजिस्टरात शाळा सोडल्याची तारीख आणि कारणही लिहिलेले असते. ती कारणेही मोजा. कोणते कारण जास्त वेळा येते?

दुसरा प्रयोग घरचा. आजी, आजोबा, आई, वडील यांना विचारा, की तुम्ही शाळा कोणत्या इयत्तेत सोडली आणि का सोडली? उत्तर देताना आजी थोडी थांबेल. घाई करू नका. तिला बोलू द्या.

शिक्षक मित्रांना एक विनंती. ऊसतोडीहून परत आलेले मूल वर्गात येईल, तेव्हा वर्गाने त्याला सर्वांत आधी विचारावे, की तू तिकडे काय पाहिलेस? एका मोळीत किती ऊस, एका गाडीत किती मोळ्या, किती टन, काय भाव, हे सगळे त्याला ठाऊक असते. त्या दिवशीचा गणिताचा तास त्यालाच घेऊ द्या. औटकी शिकवणाऱ्या पंतोजींनासुद्धा तो तास आवडला असता.

आणि मित्रांनो, उद्या हजेरी घेताना तुमचे नाव येईल तेव्हा 'हजर' जरा मोठ्याने म्हणा. त्या पानावर तुमचे नाव यावे म्हणून आठशे वर्षे कोणी ना कोणी पळीभर तेल दिले आहे, आणि आपले नाव तेथे नसताना कोणीतरी अर्ज लिहिला आहे. हजेरी संपली, की एकदा वर्गात मागे वळून पाहा. आज कोणाची जागा रिकामी आहे, आणि का, याची चौकशी करणारे पहिले तुम्हीच व्हा.